पिल्लू गाडीत बसलं की विकणाऱ्याची जबाबदारी संपली?

पाचगणीकरांनो, भिलार-महाबळेश्वर-वाईच्या मित्रांनो,

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कुत्रं आहे किंवा यंदा आणायचा विचार चाललाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. पिल्लं विकणाऱ्यांनी तर जरूर वाचावी, कारण बरंचसं त्यांच्यासाठीच आहे.

पत्रकाराला फोन कशासाठी येतात? रस्ता, पाणी, कचरा, ट्रॅफिक. हल्ली त्यात आणखी एका तक्रारीची भर पडलीय आणि ती दर वेळी इतकी सारखी असते की समोरच्याचं पुढचं वाक्य मीच सांगू शकतो.

मोबाईलवर फोटो बघितला. लॅब नाहीतर जर्मन शेफर्ड, कधी हस्की. खाली लिहिलेलं, 'प्युअर ब्रीड, लस कम्प्लीट, जंताचं औषध दिलंय, एकदम ॲक्टिव्ह'. पोरांनी घरात हट्ट धरला. यूपीआयवर टोकन गेलं. पिल्लू कुणाच्या तरी गाडीतून किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, भाजीच्या क्रेटमध्ये पसरणी घाट चढून आलं. पहिल्या रात्री रडलं, सगळ्यांना वाटलं नवीन घर आहे. दुसऱ्या दिवशी मलूल. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण. मग पळापळ. आधी इथला दवाखाना, मग वाई, मग सातारा, कुणी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जातं. चार-पाच दिवस सलाईन. पिल्लाच्या किमतीइतका खर्च औषधावर. आणि बहुतेक वेळा शेवटी घरामागे खड्डा खणायची वेळ.

मग विकणाऱ्याला फोन. त्याचंही उत्तर ठरलेलं. 'आमच्याकडनं चांगलं गेलं होतं. गाडीत बसल्यावर आमची जबाबदारी नाही. तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला घातलं असणार.' दुसऱ्यांदा फोन केला की नंबर ब्लॉक.

माझं म्हणणं साधं आहे. पिल्लू विकल्यावर पहिले पंधरा दिवस तरी ते आजारी पडलं तर जबाबदार विकणारा. घेणाऱ्याचा हलगर्जीपणा झाला असेल तर तो विकणाऱ्याने दाखवून द्यावा. आज सगळं उलटं चाललंय. नुकसानही घेणाऱ्याचं आणि पुरावाही त्यानेच शोधायचा.

आधी रोगाचं गणित

लहान पिल्लांना मारणारा सगळ्यात मोठा रोग म्हणजे पार्व्हो. 1978 च्या सुमारास तो जगभर पसरला. तेव्हापासून जनावरांच्या डॉक्टरांना त्याची चाल पाठ आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून उलट्या-हगवण सुरू व्हायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी दोन आठवड्यांपर्यंत. डिस्टेंपरला त्याहून जास्त, एक ते चार आठवडे लागू शकतात.

आता तुम्हीच हिशेब करा. पिल्लू शनिवारी घरी आलं आणि रविवारी-सोमवारी रक्त पडायला लागलं, तर तो रोग तुमच्या घरात लागलेला असायची शक्यता जवळजवळ नाहीच. तो आधीच पोटात होता. तुम्ही घातलेल्या दूध-चपातीने पोट बिघडेल, पार्व्हो होणार नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी आजार दिसला तर शंकेला जागा आहे, हे मान्य. पण विकणाऱ्याचं 'तुम्हीच काहीतरी खायला घातलं' हे दुसऱ्या दिवशीही असतं आणि बाराव्या दिवशीही असतं. त्याला रोगाशी घेणंदेणं नाही.

दुसरी गोष्ट वयाची. पाच आठवड्यांचं पिल्लू फोटोत गोंडस दिसतं आणि लवकर विकलं की खाण्याचा खर्च वाचतो. म्हणून ते आईपासून लवकर तोडलं जातं. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण त्याच सुमारास ओसरायला लागतं आणि लसीचा जोर अजून चढलेला नसतो. या मधल्या दिवसांतच पिल्लू मरतं. लसीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. म्हणजे दीड महिन्याच्या पिल्लाची 'लस कम्प्लीट' असूच शकत नाही! जो तसं लिहितो त्याला एकतर काही माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय. दोन्ही बाबतीत त्याने पिल्लं विकू नयेत.

कायदा आहे का? आहे, आणि बराच आहे

लोकांचा समज असा की जनावराच्या सौद्याला कायदा नसतो. चूक.

केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढले, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकण्याआधी लस द्यायची आणि मायक्रोचिप बसवायची. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची पिल्लं घ्यायची नाहीत आणि आयुष्यात पाच वेतांच्या वर घ्यायची नाहीत. किती पिल्लं झाली, किती विकली, किती मेली याची नोंद ठेवायची आणि वर्षाला मंडळाला अहवाल द्यायचा. पिल्लांच्या दुकानांसाठी 2018 चे वेगळे नियम आहेत, तिथेही नोंदणी सक्तीची. कुत्र्याची वाहतूक करायची तर 1978 च्या नियमांप्रमाणे ते प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. ट्रॅव्हल्सच्या डिकीतला क्रेट कुठल्या नियमात बसतो ते कुणीतरी मला सांगावं.

आता ग्राहक म्हणून तुमचा हक्क. जिवाला 'माल' म्हणायचं जिवावर येतं, मलाही येतं. पण कायद्याच्या भाषेत विकलं जाणारं जनावर ही जंगम मालमत्ताच. आणि ते ग्राहकाच्या फायद्याचंच आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात दोष म्हणजे काय हे सांगितलंय. विकणाऱ्याने कुठल्याही प्रकारे जो दावा केला त्याप्रमाणे वस्तू नसेल तर तो दोष. 'कुठल्याही प्रकारे' यात व्हॉट्सॲपचा मेसेजही येतो. 'लस कम्प्लीट, एकदम हेल्दी' हा त्याने केलेला दावा आहे. तो मेसेज डिलीट करू नका.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिल्यात. एक, विकलेल्या मालाचं बिल न देणं. दोन, दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं किंवा पैसे परत न करणं. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे 'बिल-बिल काही मिळत नाही' आणि 'विकलेलं पिल्लू परत घेत नाही' ही आपल्याकडची दोन लाडकी वाक्यं तक्रारीचा मुद्दा होऊ शकतात.

तक्रार कुठे करायची? साताऱ्याला, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. विकणारा पुण्याचा असो की कोल्हापूरचा, तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असं नाही. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर आहे. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा ग्राहकाला स्वतंत्र कायदाही नव्हता. आज कायदा आहे, नंबर आहे, पोर्टल आहे. तरी आपण 'जाऊ दे, कुत्र्यासाठी कोण कोर्टात जाणार' म्हणतो आणि विकणारा पुढच्या गिऱ्हाइकाला तोच फोटो पाठवतो.

आणि आजारी आहे हे माहीत असताना निरोगी म्हणून विकलं, तर ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे.

एक कबूल करायला हवं. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा 1960 चा आणि त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. वाचायला चुकलेलं नाही, पन्नास रुपये. आपल्या बाजारपेठेत तेवढ्यात दोन चहा आणि एक वडापाव येतो. त्या दंडाला कुणी घाबरत नाही यात नवल नाही. म्हणून खिशाला चटका बसेल असा रस्ता ग्राहक आयोगाचाच आहे.

विकणाऱ्यांची बाजू

त्यांचीही बाजू ऐकूया. ती अगदीच पोकळ नाही.

'आम्ही डॉक्टर नाही, पोटातलं आम्हाला काय कळणार?' बरोबर. म्हणूनच विकण्याआधी डॉक्टरला दाखवायचं असतं. पिल्लामागे हजारो रुपये घेणाऱ्याला तपासणीची फी जड होऊ नये.

'लोक पिल्लाला दुसऱ्याच दिवशी टेबललँडवर फिरायला नेतात, पावसात भिजवतात, चॉकलेट खाऊ घालतात.' हेही खरं. असले घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. लसीचे डोस पुरे व्हायच्या आधी पिल्लाला गावभर मिरवलं आणि रोग लागला तर तो दोष विकणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. पण मग विकताना एक कागद द्या ना! काय खायला घालायचं, पुढचा डोस कधी, बाहेर कधीपासून न्यायचं. कागद दिला, घेणाऱ्याची सही घेतली, तर उद्या तोच तुमच्या बाजूचा पुरावा. कागद नको म्हणणारा विकणारा स्वतःचीच ढाल फेकून देतो.

'स्वस्तात पाहिजे, मग गॅरंटी कशी मिळणार?' हे मात्र मान्य नाही. स्वस्तातल्या पिल्लाचे कान थोडे वाकडे असतील, रंग मनासारखा नसेल. स्वस्त म्हणून मरायला टेकलेलं पिल्लू हातात ठेवायचं, हा कुठला व्यापार?

'आमचा धंदा नाही हो, घरच्या कुत्रीला पिल्लं झाली.' खरोखर घरची असतील आणि एखादं-दुसरं दिलं असेल तर ग्राहक कायदा तिथे लागू होणं अवघड आहे. तिथे शब्द आणि माणुसकी. पण वर्षात तीनदा 'घरची पिल्लं' होतात आणि दर वेळी वेगळ्या जातीची होतात, तेव्हा तो धंदाच असतो.

'दुसरं देतो की!'

सगळ्यात जास्त चीड येते ती या वाक्याची. जरा बरा विकणारा असेल तर तो म्हणतो, 'जाऊ द्या साहेब, दुसरं पिल्लू घेऊन जा.' ऐकणाऱ्याला वाटतं, चला, माणूस भला आहे.

पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत, जुन्या पोत्यावर महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनेलने तो जात नाही, ब्लीचने पुसावं लागतं आणि अंगणातल्या मातीला तर ब्लीचही नीट लागत नाही. म्हणजे पहिलं पिल्लू मेलं त्याच घरात आठवड्याभरात दुसरं अर्धवट लसीचं पिल्लू आणलं, तर तेही जायची तयारी. आणि ज्या जागेतून पहिलं आजारी आलं त्याच जागेतून दुसरं येणार आहे. हा काय मिक्सर आहे, बिघडला की बदलून द्यायला? घरातलं पोर पहिल्याला नाव ठेवून बसलेलं असतं. दोन आठवड्यांत दोनदा खड्डा खणायची पाळी आणणाऱ्याला भला माणूस म्हणू नका.

त्या घरासमोरून गावातली भटकी कुत्री फिरतात, त्यांचीही पिल्लं असतात. त्यांना सलाईन कोण लावणार? एका क्रेटमधून आलेला रोग आळीभर फिरतो आणि त्याचं बिल कुणाच्याच नावावर फाटत नाही.

बैलबाजारात जे चालत नाही, ते इथे का चालतं?

सातारा-सांगलीच्या माणसाला जनावराचा सौदा शिकवायची गरज नाही. पुसेगावच्या यात्रेत, खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेताना माणूस दात मोजतो, चालवून बघतो, जुंपून बघतो. दुभती म्हैस घेताना दोन धारा डोळ्यांसमोर काढून घेतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारा हेडी काही साधुसंत नसतो. तोही खोड लपवतो, तोही वय चोरतो. पण गाभण म्हणून विकलेली भाकड निघाली तर घेणारा चार माणसं घेऊन त्याच्या दारात जातो आणि तडजोड करावीच लागते. कारण पुढच्या बाजारी त्याला तिथेच दावण बांधायची असते. तोंड लपवून चालत नाही.

पिल्लांच्या धंद्यात तोंडच नाही. आहे तो फक्त नंबर. आज या नावाने, उद्या त्या नावाने. बाजारात जी लाज धाक घालते ती मोबाईलवर नाही, म्हणून इथे कागदाचाच धाक लागतो.

आणि हे दुखणं फक्त आपलं नाही. इंग्लंडमध्ये 1878 साली एक खटला गाजला होता. एकाने तापाने आजारी डुकरं 'जशी आहेत तशी' म्हणून बाजारात विकली. घेणाऱ्याची ती डुकरं मेली, वर त्याच्या आधीच्या डुकरांनाही लागण झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला, कारण ती निरोगी आहेत असा दावाच त्याने केला नव्हता. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हा तेव्हाचा न्याय. त्याच इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून दलालामार्फत पिल्लं विकायला बंदी आहे. घेणाऱ्याने थेट पैदास करणाऱ्याकडे जायचं आणि पिल्लू आईसोबत बघायचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचा कायदा सांगतो, विक्रीनंतर कामाच्या चौदा दिवसांत डॉक्टरने पिल्लू आजारी असल्याचा दाखला दिला तर पैसे परत, किंवा बदली, किंवा पिल्लू ठेवून घेऊन किमतीइतका औषधाचा खर्च. जन्मजात व्यंग असेल तर मुदत 180 दिवस. तिथला व्यापार काही बुडाला नाही. आपले विकणारे मात्र 1878 मध्येच राहिलेत आणि वर निरोगी असल्याचा दावाही करतात!

प्रशासनाला चार शब्द

पाचगणी-महाबळेश्वर 2001 पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे. इथे घराची भिंत सरकवायची तरी परवानगी लागते. स्वच्छतेचे पुरस्कार आणणारी आपली नगरपालिका आहे. मग या गावात जिवंत पिल्लांचा व्यापार कुणाच्या परवानगीने चालतो, एवढंच विचारायचंय.

जिल्ह्यात नोंदणी असलेले ब्रीडर आणि पेट शॉप किती आणि कोणते, ही यादी पशुसंवर्धन विभागाने जाहीर करावी. नगरपालिकेच्या फलकावर लावावी. यादीत नाव नाही त्याच्याकडून घेऊ नका, असं मग आम्ही तरी लोकांना सांगू. फार मोठी मागणी नाही ही. एक कागद आणि चार खिळे.

आणि डॉक्टरांना विनंती. जी लस तुम्ही स्वतः टोचली तिच्याच कार्डावर सही करा. कोऱ्या कार्डावरची सही कुणाच्या तरी घरातल्या पोराला रडवते.

घेणाऱ्यांनो, आता तुमचं काम

1. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, कितीही गोड दिसू दे.

2. फोटोवर सौदा नको. जागेवर जा, पिल्लाची आई बघा. आई दाखवत नाही म्हणाला की परत फिरा.

3. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक बघा. नुसतं पेनने लिहिलेलं असेल तर त्या डॉक्टरला फोन करा.

4. बिल घ्या. त्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, पिल्लाची जन्मतारीख, चिपचा नंबर, किंमत. आणि एक ओळ लिहून घ्या, 'पंधरा दिवसांत संसर्गजन्य आजार निघाल्यास उपचाराचा खर्च किंवा किंमत परत.' लिहून द्यायला जो कचरतो त्याला आपल्या मालाची खात्री नाही.

5. घरी आणल्यापासून दोन दिवसांच्या आत आपल्या डॉक्टरला दाखवा आणि तपासल्याची लेखी नोंद घ्या. आजार निघाला तर पार्व्होची टेस्ट करून रिपोर्ट जपा. मेसेज, यूपीआयची नोंद, औषधांची बिलं, सगळं एका फाइलमध्ये.

6. डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला गावात मिरवू नका. एवढं पथ्य तुम्ही पाळलंत तरच विकणाऱ्याकडे बोट दाखवता येईल.

आणि सातवं, विचार करण्यासारखं. सीझनमध्ये हौसेनं हस्की आणायचं आणि पावसाळ्यात बंगला बंद करून निघून जायचं, असे घेणारेही आहेत. त्यांची कुत्री मग धुक्यात बाजारपेठेत हिंडतात. त्यांच्यासाठी वेगळी पोस्ट लिहीन. तोवर गल्लीतल्या पिल्लांकडेही एकदा बघा. त्यांना किंमत नाही, पण लस दिली आणि पोटभर खायला घातलं तर राखणीला ती कुणापेक्षा कमी नाहीत.

शेवटी, 'नावं का लिहीत नाही, घाबरता का?' असं कमेंटमध्ये विचारणारे असतीलच. त्यांना आत्ताच उत्तर देतो. मला फोन करणाऱ्यांपैकी जवळपास कुणाकडेच बिल नाही. कुणी मेसेज उडवलेत, कुणी रोख पैसे दिलेत, कुणाकडे टेस्टचा रिपोर्ट नाही. ऐकीव माहितीवर कुणाच्या धंद्यावर मी चिखल उडवणार नाही. कागद घेऊन या. बिल, कार्ड, रिपोर्ट. साताऱ्याला तक्रार कशी लिहायची ते सोबत बसून बघू. आयोगाचा निकाल लागला की नावासकट बातमी छापायची जबाबदारी माझी.

आणि आपल्या भागात चांगले, नोंदणीवाले, पिल्लू दिल्यावर महिनाभर फोन करून चौकशी करणारे विकणारेही आहेत. या पोस्टचा त्यांनी राग मानू नये. पंधरा दिवसांची लेखी हमी त्यांनीच आधी सुरू करावी. बाकीच्यांचं गिऱ्हाईक आपोआप त्यांच्या दारात येईल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण पुढचं पिल्लू घेताना बिल मागा.